दाराच्या काचेपलीकडची सुजाता

फोन आला तेव्हा माझ्यासमोर शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी होती आणि अकरा महिन्यांच्या बाळाला झटके आले तर सगळ्यात आधी काय करशील, असं मी तिला विचारत होते. बालरोग विभागाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. शेजारच्या टेबलावर डॉ. सुजाता कांबळे असायला हवी होती, लसीकरण आणि बाळाची वाढ यावर प्रश्न विचारत. साडेनऊ वाजून गेले तरी तिची खुर्ची रिकामी. फोनवर आमच्या वॉर्डातल्या सिस्टर होत्या. "मॅडम, कांबळे मॅडमना ट्रेलरने उडवलं... कळंबोलीच्या पुढे. जागेवरच गेल्या." समोरची मुलगी सांगतच होती, कुशीवर वळवीन, तोंड साफ करीन, ऑक्सिजन लावीन... मी म्हणाले, "पुढे?" बाहेरगावचे परीक्षक आलेले, केस म्हणून बोलावलेली पोरं आयांच्या मांडीवर कंटाळलेली. परीक्षा थांबली नाही. संध्याकाळपर्यंत मी मार्क देत होते. कुणाला किती दिले, आजही सांगता येणार नाही.

सुजाता आणि मी एकाच वर्षी एम.डी.ला लागलो. ती नावड्याची, वडील तळोज्याला केमिकल कंपनीत कामगार. घरातली पहिली डॉक्टर. आम्हाला त्या तीन वर्षांत कुणी मायेने शिकवलं नाही. लहान मुलांचं प्रत्येक औषध वजनावर मोजायचं, आणि राऊंडला कुणाचा दशांश चुकला की आमचे सर फाईल थेट अंगावर फेकायचे. "या एका टिंबाने पोरगं मेलं, डॉक्टर. आता आईला काय सांगणार?" मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. सुजाता फाईल उचलायची, आकडा दुरुस्त करून परत त्यांच्या हातात द्यायची. मला म्हणायची, "ओरडू दे गं. टिंब तर खरंच चुकलं होतं ना?"

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. तापाने निपचित पडलेली चार वर्षांची एक मुलगी आली आणि तासाभरात गेली. सुजाताने जमिनीवर बसून तिच्या आईला सांगितलं. आईने हंबरडा फोडला. बाप भिंतीला टेकून नुसता उभा राहिला. मग खालून पंधरावीस माणसं वर आली. त्यातली निम्मी तरी त्या मुलीला कधी भेटलेली नसावीत. मॉनिटर फुटले, औषधांची ट्रॉली उलटली, सिस्टरना दंडाला धरून दाराबाहेर फेकलं. सुजाता तेव्हा पलीकडच्या खाटेवर नऊ दिवसांच्या एका बाळाला हाताने फुगा दाबून श्वास देत होती. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. फुगा थांबला की बाळ संपलं.

मी सलाईन आणायला स्टोअररूममध्ये गेले होते. आरडाओरडा ऐकला आणि आतून कडी लावली.

त्या दाराला तळहाताएवढी काच आहे. सलाईनच्या लोखंडी स्टँडचा पहिला फटका तिच्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. एकाने केस धरून डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं, डाव्या कानाच्या बाजूने. रक्त मानेवरून अॅप्रनवर उतरलं. तिचा उजवा हात फुगा दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. "बाळ आहे रे हाताखाली! मला नंतर मारा, बाळ आहे!" एवढंच ती ओरडत होती. सुरक्षारक्षक आले तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि हात अजून वरच. ते बाळ पंधरा दिवसांनी घरी गेलं.

पोलिसांना मी सांगितलं, "मी स्टोअरमध्ये होते, काही पाहिलं नाही." सुजाताच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, त्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं होतं. तिने खाटेवरून मला एकदाच विचारलं, "काचेतून दिसत होतं ना तुला?" मी हो म्हणून मान हलवली. "मग दार उघडायचं होतंस." त्यानंतर मरेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. माझ्याबरोबर डबा खात राहिली. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं...

पुढच्या वर्षी आमची अंतिम परीक्षा. तिला केस आली सात वर्षांच्या मुलाची, हृदयाची झडप खराब झालेल्या. परीक्षक फाईल चाळत म्हणाले, "एका कानाने ऐकून पास व्हायचंय?" आम्ही सगळे खाली बघायला लागलो. सुजाता म्हणाली, "सर, मी आधी छातीवर हात ठेवला. झडपेची थरथर हाताला लागली. मग ऐकलं. दोन कानवाल्यांनीही तसंच करायचं असतं." परीक्षकांनी उठून मुलाच्या छातीवर स्वतःचा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. ती पास झाली.

मग आम्ही दोघी तिथेच शिकवायला लागलो. तिने कधी कुणावर फाईल फेकली नाही. पण आईशी एक शब्दही न बोलता पोराचा शर्ट वर करणाऱ्या विद्यार्थ्याला ती सरळ नापास करायची. "सहा महिन्यांनी ये. तोवर बोलायला शीक."

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी विभागात तिच्या नावाचं समन्स आलं. मारहाणीचा खटला इतकी वर्षं चालूच होता. एकही तारीख तिने चुकवली नाही, आणि आता तिच्या साक्षीची वेळ आली होती. क्लार्कने विचारलं, "मॅडम, हे परत पाठवू?" मी ते पर्समध्ये टाकलं आणि बेलापूरला सरकारी वकिलांकडे गेले.

ते म्हणाले, "मारणाऱ्यांना ओळखणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आता केसमध्ये काही राहिलं नाही."

"मी पाहिलंय."

त्यांनी कागद उलटले. "तुमचा जबाब वेगळा आहे."

"खोटा आहे तो."

"मॅडम, उलटतपासणीत तुम्हाला फाडून खातील. इतकी वर्षं गप्प का होतात, हेच विचारतील."

"विचारू दे."

समन्स टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये पडलं होतं. त्यावर तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत. वकिलांनी पेन उघडलं. मी म्हणाले, "निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. मनगटात जाड कडं..." आणि बोलत राहिले.