जरीखालचा बाळकृष्ण

महाराजांच्या राजवाड्यात मोठमोठी तैलचित्रं लागली आणि बडोद्यातल्या कारकुनांनाही आपापल्या भिंती उघड्या वाटू लागल्या. आमचे वडील सरकारी खात्यात कारकून, मग ते तरी कसे मागे राहणार! आषाढातल्या एका संध्याकाळी ते आईला आणि मला घेऊन घडियाळी पोळ नावाच्या आळीजवळच्या तसबिरीवाल्याकडे गेले. तिथे चित्रांच्या रंगीत छापील प्रती काचेत मढवून मिळत.

वडिलांना एका विलायती सरोवराचं चित्र हवं होतं. त्या सरोवराशी आमचा काय संबंध, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आई मात्र एका रांगत्या बाळकृष्णासमोर उभी राहिली ती हलेचना. कुरळं जावळ, टपोरे डोळे, हनुवटीवर खळी. मलाही दिसलं. तो थेट माझा धाकटा भाऊ होता. मागच्या उन्हाळ्यात देवीच्या साथीत तो गेला, तेव्हा फोडांखाली त्याचा चेहरा आईलासुद्धा ओळखू येत नव्हता. फोटो काढू, काढू म्हणताना राहूनच गेला होता.

“बेन, आ बहु सरस छे,” दुकानदार म्हणाला.

“अहो, हीच घेऊ या.” का, ते आईने सांगितलं नाही. वडिलांनी सरोवराकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने पैसे दिले.

तसबीर देवघरात लागली. आई दिवा लावायला म्हणून जाई ती लवकर बाहेर येत नसे. शेजारणी म्हणत, भक्ती करावी तर अशी. मला चीड यायची. भक्ती कसली! तिला तिचा मुलगा बघायचा होता.

श्रावणात ती दोन दिवस माहेरी गेली. घरात वडिलांची थोरली विधवा बहीण होती, आमची आत्या. माझ्या त्या धाकट्या भावाला अंगाखांद्यावर तिनेच वाढवलेलं. त्या काळी तसबिरीतल्या देवांना जरी, टिकल्या, खोटे मोती चिकटवून नटवायची बायकांना भारी हौस. गोकुळाष्टमी तोंडावर आलेली. आत्याने काच काढली आणि दोन्ही दुपारी ती खळ घेऊन बसली.

आई परतली ती आधी देवघरात गेली. बाळकृष्णाच्या भुवयांपर्यंत जरीचा मुकुट आला होता. गालांवर मोत्यांच्या झालरी, हनुवटी माळांखाली गेलेली. कागद फाटल्याशिवाय त्यातलं काही निघणार नव्हतं.

“वन्सं, काय केलंत हो हे!” आई ओरडली. आत्यापुढे तिने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. आता आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी दाराआड सरकले. पण आत्याने हातातली जपाची माळ खाली ठेवली.

“मला बघवत नव्हतं गं,” ती म्हणाली. “रोज पूजेला बसायचं आणि समोर आपलं बाळ. सगळं झाकलं बघ. पण देवाचे डोळे कसे झाकायचे?”