चुकलं म्हण

"सर, आमच्या वावरात अळी हिच्यामुळं आली."

वर्षा असं म्हणाली. भर वर्गात, विज्ञानाच्या तासाला, माझ्याकडं बोट करून.

सरांनी टेबलावर कपाशीचं बोंड फोडलं होतं. आत गुलाबी अळी वळवळत होती. सरांनी विचारलं होतं, ही बोंडात कशी शिरते, कोण सांगेल? माझा हात वर होता. मला उत्तर येत होतं. पतंग फुलावर, कोवळ्या बोंडावर अंडी घालतो, अंड्यातून अळी निघते, आत शिरते. सरांनी उभं केलं वर्षाला.

"हिनं सीतादहीचं दही शिवलं सर. आई म्हणते, म्हणून बोंडं किडली."

वर्ग हसला. पोट्टे बाक वाजवायला लागले. मागून कोणीतरी माझ्या नावाला 'अळी' जोडून हाक मारली. सरही हसले. पोटातल्या पोटात हसले असते तर एक वेळ चाललं असतं, ते दात दाखवून हसले. मग म्हणाले, "असं बोलू नये. बस खाली." कोणाला म्हणाले कोण जाणे. वर्षा बसली. मीही हात खाली केला.

वर्षा माझी मैत्रीण होती. नुसती वर्गातली नाही, जिवाभावाची. पांढरकवड्याकडं जाणाऱ्या रोडवरच्या गावात आमची शाळा, तिथवर आम्ही रोज पायी जायचो. माझी गणितं ती उतरवायची, तिच्या डब्यातलं लोणचं मी खायची. मात्र हे सगळं गावाबाहेर. परत येताना गाव दिसायला लागलं की ती पाय उचलायची, पुढं निघून जायची. मी मागं राहायची. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला राग यायचा, पण मैत्रीण तुटेल म्हणून मी तो गिळायची.

आमचं घर बौद्धांच्या मोहल्ल्यात. बाबा ट्रकवर, हायवेनं हैदराबादकडं गेले की महिना महिना येत नसत. घर चालायचं मायच्या हातावर. निंदण, मग कापूस वेचणी. वेचणी वर्षाच्याच वावरात. त्यांचं वावर मोठं, कपाशी, तूर, सगळं. वर्षाच्या आईला मी काकू म्हणायची. वर्षा माझ्या मायला नावानं हाक मारायची. "ए शांते." मायच्या अर्ध्या वयाची पोरगी! माय म्हणायची, "हाव, आली."

सीतादही म्हणजे वेचणीचा पहिला दिवस. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. एखाद्या चांगल्या पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दहीभात ठेवायचा, झाडावर दही शिंपडायचं, कापूस असाच पांढरा फुटू दे म्हणायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया तेवढा वेळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहत. आम्ही धर्म बदललेला, आम्हाला ती पूजा करायची नव्हती. त्यांना आमचा हात नको होता. दोघांचंही जमून जायचं.

त्या दिवशी शाळेला सुटी होती म्हणून मी मायसोबत गेली होती. वर्षा दह्याचा गडवा घेऊन येत होती, तिच्या पायात काटा मोडला. एका पायावर नाचत म्हणाली, "धर बरं थोडसा." मी धरला. तिनं काटा काढला, चप्पल घातली, गडवा घेतला, गेली. एवढंच झालं. हे काकूंनी पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, गडव्याकडं पाहिलं, अन् तेच दही शिंपडलं. दुसरं दही आणायला घरी कोण जातो, ऊन चढत होतं. तेव्हा विटाळ झाला नाही. दिवाळीनंतर बोंडं फुटायची थांबली, फोडून पाहिली तर आतून सडलेली, तेव्हा तो विटाळ त्यांना आठवला.

सगळ्या गावाचीच बोंडं सडली होती हो! जिथं कोणाचा हात लागला नाही तिथलीही. बियाणं विकताना दुकानदार म्हणाला होता, या कपाशीला अळी लागतच नाही. लोकं भांडायला गेले तर त्यानं शटर ओढलं. फवारणीच्या औषधानं अळी मेली नाही, फवारणारी माणसं मात्र उलट्या करत दवाखान्यात गेली. गावात जो तो चिडलेला, बोलायला जावं तर अंगावर येणारा. पण त्या दुकानदाराला कोणी जाब विचारायला धुऱ्यावर उभं केलं नाही. मी सापडली. जवळ होती, लहान होती अन् आमच्या मोहल्ल्यातली होती.

त्या दिवशी शाळेतून येताना मी वर्षाचा हात धरला.

"दही माह्या हाती कोणं देल्लं?"

"मले काय माहीत वं, आई असं धरून बसन."

"मंग सांग न आईले. तूच देल्लं म्हणून सांग."

"मारन मले आई."

"अन् वर्गात काहून बोलली?"

ती रडायला लागली. बापा रे, तिचं रडणं! एवढी उलटी गोष्ट मी पाहिली नव्हती. बोट माझ्याकडं केलं तिनं अन् समजूत मी काढायची. मी काढली नाही. ती नेहमीसारखी पुढं गेली.

संध्याकाळी काकूंनी मायला बोलावणं पाठवलं. त्या आमच्या मोहल्ल्यात येत नसत, तोंडाशी उभ्या राहिल्या. मी मायच्या मागं होती. सगळं ऐकलं.

"शांते, उद्या वेचाले येशीन तं पोरीले घेऊन ये. धुऱ्यावर नारळ फोडन, चार बायांत चुकलं म्हणन, मंग झालं. नाही तं मी बाहेरच्या बाया आणतो."

माय म्हणाली, "हाव जी."

घरी आल्यावर मी मायला म्हटलं, मी नाही जाणार. माय चुलीसमोर बसली होती. म्हणाली, "एक नारळ तं फोडा लागते. तुह्यं काय जाते?"

"माह्यंच जाते."

"मोठी आली! अळीचा कापूस हाय, आजूबाजूले कोणाच्या वावरात काम नाही. तिथं थोडं तरी वेचाले भेटते. तुह्या बाबाचा पत्ता नाही. काय खाशीन, तुह्यं पुस्तक?"

मला मायचा राग आला. अन् ती खोटं बोलत नव्हती, याचा जास्त राग आला.

मी सरांकडं गेली. सर बाहेरगावचे, वर्षाच्याच घरची एक खोली भाड्यानं घेऊन राहत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी फाटकाबाहेरूनच बोलली. म्हटलं, सर, तुम्ही काकूंना सांगा ना, अळी कशानं येते. तुम्ही सांगितलं तर त्या ऐकतील.

सरांनी घराकडं पाहिलं. आवाज खाली केला. "हे बघ, तू हुशार मुलगी आहेस. दहावीचं वर्ष आहे. नारळ फोडून टाक, विषय मिटेल. कशाला वाढवतेस?"

"सर, पण तुम्हीच शिकवलं ना."

"ते परीक्षेत लिही."

आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. परीक्षेत लिही! म्हणजे पेपरात अळी पतंगाच्या अंड्यातून येणार अन् धुऱ्यावर माझ्या हातातून.

सकाळी माय मला घेऊन गेली. ओढत नाही नेलं, मीच गेली. न जाता घरी बसली असती तर काकू म्हणाल्या असत्या, पोरगी भेली. वावरात बाया उभ्या होत्या, कमरेला कापूस भरायच्या ओट्या बांधून. आमच्या मोहल्ल्यातल्याही होत्या, पण त्या खाली पाहत होत्या. वर्षाही होती, आईच्या पाठीशी.

काकूंनी नारळ आणला होता. माझ्या हातात दिला नाही. दगडाजवळ जमिनीवर ठेवला अन् दोन पावलं मागं सरकल्या.

"फोड. अन् म्हण, माह्यं चुकलं."

मी नारळाकडं पाहिलं. मग वर्षाकडं पाहिलं. मी भेली होती. तरी मला वाटत होतं, आता बोलेल. एवढं एक वाक्य, आई, दही मीच दिलं होतं. एवढंच. त्या वाक्यासाठी मी काहीही दिलं असतं. वर्गातलं बोट विसरली असती, रोज मागून चालली असती.

"वर्षे, सांग."

वर्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. काकूंनी वळून तिला विचारलं, "काय सांगते वं?"

"काही नाही," वर्षा म्हणाली.

माझी आशा सुटली. भीतीही गेली. मी म्हटलं, "मी नारळ नाही फोडत. माह्यं चुकलं नाही. दही वर्षानं देल्लं, तुमी पाह्यलं, अन् पाहून शिंपडलं. चुकलं म्हणाचं असन तं तुमी म्हणा."

मायबाई! बाया बघतच राहिल्या. काकूंच्या तोंडाचा रंग गेला. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मायला म्हणाल्या, "पाह्य शांते. पाह्य तुह्यी पोरगी. शाळा शिकवून राह्यली न तू?"

मायनं मला मारलं. सगळ्यांसमोर. तोंडावर. "म्हण चुकलं! म्हण!"

"मार. नाही म्हणत."

तिनं पुन्हा हात उचलला. मी हललीच नाही. तो हात वरच राहिला, मग खाली आला. मायनं कमरेची ओटी सोडली, झटकली, काखेत धरली अन् चालायला लागली. मी तिच्या मागून निघाली.

लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना वाटतं, माय माझ्या बाजूनं उभी राहिली. वा, काय माय! तसं झालं नाही. काम गेलं म्हणून तिनं ओटी सोडली. वाटभर ती रडली अन् शिव्या देत राहिली, मला, माझ्या शिकण्याला, स्वतःच्या नशिबाला. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अंधारात उठून टेम्पोत उभी राहून पार झरीकडं वेचायला जायची, रात्री पाय सुजवून यायची. मी भाकरी करून ठेवायची. ती न बोलता खायची. माझ्या एका 'नाही'ची मजुरी मायनं केली. हे मला माहीत आहे. तरी ते 'नाही' मी परत घेणार नाही.

सोमवारी वर्षा बाकावर माझ्या बाजूला येऊन बसली. हळूच म्हणाली, "बोल न वं. आई तशीच हाय, मी काय करू?" तिच्या हातात गणिताची वही होती. मी माझी वही बंद केली. तासाला सरांनी तोच प्रश्न परत विचारला. मी हात वर केला नाही, सरळ उभी राहिली अन् उत्तर दिलं, मोठ्यानं, वर्षाच्या वावराचं नाव घेऊन. त्या वावरात पतंग आला होता म्हणून अळी आली, असं. सरांनी फळ्याकडं तोंड फिरवलं. या वेळी कोणी हसलं नाही.

बरीच वर्षं गेली. मागं एकदा पुसदच्या स्टँडवर वर्षा भेटली. कडेवर लेकरू, अंगावर चांगली साडी. धावत आली, गळ्यातच पडणार होती. मी हात पुढं धरून थांबवलं. जुनं निघालंच. म्हणाली, "अजून धरूनच बसली का वं? लहान होतो आपण तवा."

मी म्हटलं, "तू होती लहान. मले कोणं राहू देल्लं?"

ती कसंनुसं हसली. तिच्या लेकरानं माझ्या पर्सचा बंद ओढला. लेकराशी माझं भांडण नाही, त्याच्या हातातून मी हळूच सोडवून घेतला. वर्षा वाट पाहत होती, मी आता तरी हसेन, जाऊ दे म्हणेन. आमच्याकडून सगळ्यांना हेच पाहिजे असतं. त्यांनी विसरायचं अन् आम्ही जाऊ दे म्हणायचं.

मी जाऊ दे म्हटलं नाही. म्हणणारही नाही. तिनं धुऱ्यावर जे वाक्य गिळलं ते आधी तिच्या तोंडून बाहेर येऊ दे, चार लोकांत, मोठ्यानं. तोवर ती माझी मैत्रीण नाही. माझी गाडी लागली होती, मी तिला तिथंच उभी सोडून चढली.