‘ब’चं पोट

आमच्या जाऊबाई दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. त्यांचं अक्षर त्यांच्यासारखंच: ठसठशीत, अंग चोरून बसलेलं, नटवेपणा औषधालासुद्धा नाही. हातभर पाटीवर बारा अक्षरं बसवायची म्हटलं की बाकीचे पेंटर अक्षरं उपाशी ठेवल्यासारखी बारीक करतात. जाऊबाई जाडी तसूभरही कमी करत नसत. आतली पांढरी जागा, म्हणजे आमच्या भाषेत अक्षराचं पोट, तेवढी आवळायच्या. रस्त्यापलीकडून वाचता यायचं. मेलं हेच मला बघवायचं नाही.

ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून जो तो म्हणायचा, "मोठीचा हात काय सुरेख! धाकटीही शिकतेय हो." बारा वर्षं झाली, शिकतेच आहे! माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

मग छापखान्याच्या मालकांनी पोस्टरच्या मथळ्यांसाठी अक्षरांचा संच मागितला. जाड, अरुंद, बिनफुलापानांचा. दोघींपैकी एकीचाच घेणार आणि तिचंच नाव संचाला देणार. मला ते नाव हवंच होतं. एकदा तरी लोकांनी मोठीच्या आधी माझं नाव घ्यावं, एवढंच.

एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही अक्षरं काढली. द्यायच्या आदल्या दुपारी जाऊबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, तुझ्या ‘ष’चं पोट मोकळं कर. छापताना शाई भरेल, नुसता डाग दिसेल."

आल्या मोठ्या शहाण्या! मी फणकारले. पण त्या पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा गुपचूप ‘ष’ सुधारून टाकला.

परत येऊन त्यांनी आपला कागद माझ्यापुढे सरकवला. "आता माझं बघ बाई. आपलंच अक्षर आपल्याला दिसत नाही."

मला दिसलं. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ दोन्हीकडे चिकटायच्या बेतात होती.

"झकास आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात दोन्ही संच नमुन्यादाखल छापून बघितले, तर जाऊबाईंचे सगळे ‘ब’ काळे ठिक्कर. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, "हे वाचायचं कसं?" म्हणाले आणि माझा संच उचलला.

घरी येताना जाऊबाई भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "आमच्या धाकटीचा घेतला बरं का!" आणि प्रत्येक जण माझं नाव घेऊन शाबासकी देत होता. हवं तेच झालं होतं, तरी माझी मान काही वर होईना.

दारापाशी मी कसंबसं म्हटलं, "जाऊबाई, तुमचा तो ‘ब’..."

"जाऊ दे गं, दोघींच्या नजरेतून सुटला," त्या कुलूप उघडत म्हणाल्या. "तुला दिसला असता तर तू सांगितलंच असतंस की."