छायाने आम्हालाच सांगितलं नाही

छाया गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अमडापूरला छायाच्या नवऱ्याने, भाऊजींनी, माझ्या हातात एक फाईल दिली. अकोल्याच्या मानसोपचार डॉक्टरांची. वर नाव छायाचं! बारा वर्षं आम्ही दोघी मनोरुग्णांच्या एकाच ओपीडीत सिस्टर, एका डब्यात जेवलेल्या. दर महिन्याला ‘आत्याकडे’ म्हणून जायची, ती या डॉक्टरांकडे?

छायासारखी सिस्टर मी पाहिली नाही. आम्ही सोबतच्या माणसाला विचारायचो, “झोपते का हा? गोळ्या घेते का?” ती मात्र पेशंटकडे वळायची. “दादा, तुम्हीच सांगा ना, झोप लागते काय?” मी चिडवायचे, “येड्याले काऊन विचारून राह्यली वो? टाइम जाते फुकट.” ती नुसती हसायची... माझी जीभ म्हणजे कात्री. उपचार घेणारी एक मुलगी आमच्याकडे नर्स म्हणून येणार असं कळलं, तेव्हा जेवता जेवता मी म्हणाले, “घ्या, आता येडीच्या हाती इंजेक्शन!” सगळे खिदळले. छायाने डबा बंद केला. मला वाटलं, पोट भरलं असेल.

यंदा मे महिन्यात तिला जुलाब-उलट्या लागल्या. हात लटपटत होते, जीभ जड झाली होती. सलाईन मीच लावलं. “कोणती गोळी चालू हाये काय वो तुले?” तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, “नाही.”

ती लिथियमवर होती. अंगातलं पाणी कमी झालं की ही गोळी विष होते, हे मी पेशंटांना रोज बजावते. त्यांचे तसे हात दारातूनच ओळखते. आमच्यातल्या बाईचे ओळखले नाहीत. आणि ही बाई सलाईन चालू असताना पर्समधली गोळी लपून घेत राहिली! “सांगतो म्हणलं, तर हात जोडले तिनं,” भाऊजी म्हणाले. “म्हणे, नोकरी जाईन, अन् ह्या मले हसतीन.” अकोल्याला हलवल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. तोवर उशीर झाला होता. ‘ह्या’ म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

ओपीडीत तिची खुर्ची टेबलाच्या पलीकडे, पेशंटच्या शेजारी असायची. अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यापासून मी तिच्यात बसते. परवा एक आई आली. मुलगी आमच्याच गोळ्यांवर, बारावी पास. “सिस्टर, हिले नर्सिंगले टाकू काय?” मुलगी टक लावून माझ्याकडे पाहत होती. खोटं कशाला सांगू, जिभेवर पहिला शब्द आला तो ‘नको’. मी तो गिळला, “टाका ना, बिनधास्त टाका,” म्हणाले... पण तोवर पोरीने मान खाली घातली होती.