सुरतेहून आलेली माहेरवाशीण

चौऱ्याण्णव साली माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी सुरतेहून आमच्याकडे लखनौला आली, आणि आल्या दिवसापासून आमच्या घरमालकिणीला एकच कोडं पडलं. हिच्या सासरच्यांनी हिला घराबाहेर तर काढलं नाही ना?

आम्ही महानगर नावाच्या वस्तीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझा नवरा एका सरकारी कंपनीत होता. सासूबाई आमच्याकडे असायच्या, म्हणून धुळ्याचं घर कुलूपबंद असलं तरी नणंदेचं माहेर आता लखनौच होतं. ती सातव्या महिन्यात आली, अगदी रीतीप्रमाणे. पण खालच्या आंटींच्या रीतीत हे बसत नव्हतं. त्यांनी जिन्याशी मला गाठून विचारलं, "पहला बच्चा तो ससुराल में होता है, बहू. घर का चिराग कोई मायके में पैदा करता है भला?"

सासूबाईंनी त्यांच्या ठेवणीतल्या हिंदीत समजावलं, "हमारे में पहिला माहेर में ही होता है. माँ के पास लडकी को आराम पडता है." आंटींनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. दया आल्याची होती.

मग आम्ही डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं काही. गल्लीतल्या बायका झाडून आल्या. झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ त्यांना भलताच आवडला. नणंदेच्या हाती बर्फी आली तेव्हा आंटींनी "दोबारा उठाओ, दोबारा" असा गलका केला. फोटोही काढले. हे सगळं श्रावणातलं. तेव्हा सुरत हे साड्यांचं गाव आहे, यापलीकडे त्या गल्लीत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

नणंदेला ह्या सगळ्या कौतुकात एकच गोष्ट हवी होती. तिचा नवरा सुरतेत एका साड्या छापायच्या मिलमध्ये सुपरवायझर होता. आपल्याकडे जावई बारशाला येतात, पण ह्याने तिला शब्द दिला होता, की बाळ जगात येईल तेव्हा मी तिथे असेन. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी तिला जवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारात पीसीओवर घेऊन जायचे. काचेच्या खोक्यात उभी राहून ती त्याच्याकडून तेच पुन्हा वदवून घ्यायची आणि हसत बाहेर यायची.

आणि मग पितृपक्षात टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या, सुरतेत प्लेग. बोचकी घेतलेली, स्टेशनावर लोटलेली माणसं रोज दिसायला लागली. लखनौत एकही रोगी नव्हता, पण कपूरथलाच्या औषधांच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन दोन दिवसांत नाहीसं झालं. लोणच्याच्या कैऱ्या घ्याव्यात तशा लोकांनी त्या कॅप्सुली घेऊन ठेवल्या. मुलांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या आल्या. गल्लीत एक उंदीर मरून पडला, तर त्याच्याभोवती ही गर्दी. तसला उंदीर त्या गटाराशी दर आठवड्याला मरायचा आणि कावळे त्याची व्यवस्था लावायचे. पण आता कुणी त्यावर रॉकेल ओतलं, कुणी फोटो काढा म्हणालं, आणि एकाने पेपरवाल्यांना फोनसुद्धा केला.

आम्हीही हसत होतो. मग एका सकाळी भांडीवाली आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने भांडं फाटकाशी ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन आंटींनाच विचारलं.

"बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. लखनौत फार वाईट बोलायचं असलं की सुरुवात अशीच होते. "तुम्हारी ननद वहीं से भागके आई है ना."

मी म्हटलं, अहो आंटी, ती राखीच्या आधी आली. तुम्ही तिच्या डोहाळजेवणाला जेवलात! त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या म्हणाल्या, "वही तो. बीमारी वहाँ पहले से रही होगी. नहीं तो कौन सास पूरे दिनों की बहू को मायके भेजती है?"

मी वर जाऊन फोटो आणले. दाखवलं, की ह्या बघा तुम्ही, ही हिरव्या साडीतली ती, आणि ही तुमच्या हातातली बर्फी. आंटींनी फोटो निरखून पाहिला. आधी म्हणाल्या, इसमें मेरा मुँह कितना सूजा लग रहा है. मग म्हणाल्या, "देखो, उस दिन भी वो खाँस रही थी." फोटोत खोकला दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

महिना, तारीख, डॉक्टरी, भूगोल, मी काय काय सांगून पाहिलं! कशाचाही उपयोग झाला नाही. त्यांच्या रीतीत पोरगी सासरीच बाळंत होते, म्हणजे आमची पोरगी पळूनच आलेली असणार. पीसीओवाल्याने तर कमालच केली. नणंदेने सुरतेचा नंबर सांगितला आणि ती बोलून बाहेर पडताच त्याने रिसीव्हर डेटॉलने पुसला. मी विचारलं, तारेतून येतो का प्लेग? तो अदबीने म्हणाला, "एहतियात है, मैडम." खबरदारी म्हणे!

पण ह्या सगळ्यांना मी एक वेळ माफ करीन. त्यांना बिचाऱ्यांना माहेरपण काय ते माहीत नव्हतं. नवरात्रात आमच्या मराठी मंडळाचा भोंडला असायचा. अध्यक्षीणबाईंचा फोन आला, "अगं, ह्या वर्षी तुम्ही तिघी नाही आलात तरी चालेल हं. तिला उगीच दगदग." मी म्हटलं, तिला राहू दे घरी, आम्ही दोघी येतो. त्यावर त्या म्हणाल्या, "लहान मुलं असतात गं, म्हणून." ह्या बाई स्वतः दोन्ही लेकींची पहिली बाळंतपणं घरी करून बसलेल्या! सातव्यात लेक का येते, हे त्यांना मी सांगायचं? मी रिसीव्हर आपटला. तो फोन शेजाऱ्यांकडे आला होता, त्यामुळे आपटल्याबद्दल त्यांचीही बोलणी खाल्ली.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं, त्यांनी नणंदेला टेबलापलीकडूनच तपासलं आणि सरकारी हॉस्पिटलात जा म्हणून सुचवलं. तिथे सोयी जास्त आहेत म्हणे. गेल्या आठवड्यापर्यंत तिथल्या अस्वच्छतेच्या गोष्टी त्याच मला रंगवून सांगत होत्या.

नणंद ह्या सगळ्यात गप्प असायची. खिडकीशी बसून पायांची सूज बघायची. तिचं लक्ष फक्त फोनकडे होतं. मिल बंद पडली होती, नवरा आई-वडिलांना गावी सोडायला गेला होता. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, मी निघतोय, गाडीचं तिकीट मिळालं. त्या दिवशी ती पीसीओतून बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

आणि इथे आमच्या सासूबाईंनी घोळ घातला. जावई येणार म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. जावयाला काय जमिनीवर झोपवायचं? त्या तरातरा खाली गेल्या आणि आंटींकडे जास्तीची खाट मागून आल्या. "हमारे जमाई आ रहे हैं, सुरत से!" असं अभिमानाने सांगूनसुद्धा आल्या. मी कपाळाला हात लावला.

अर्ध्या तासात घरमालक वर आले. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आले. म्हणाले, दामादजी आपके हैं, तो हमारे भी हैं. लेकिन वो यहाँ आए, तो हमें मजबूरन मकान खाली करवाना पड़ेगा. चहा घेतला, कप जागेवर ठेवला आणि गेले.

त्यानंतर दिवस गेले, पण जावई काही आला नाही. माझा नवरा स्टेशनावर जाऊन यायचा आणि सांगायचा, गाड्या उशिरा आहेत, रद्द आहेत, कुठे अडकला असेल. नणंद सगळं खरं मानायची. रात्री उशीत तोंड घालून रडायची, आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या.

मला शंका आली ती डब्यामुळे. नवऱ्याला ऑफिसला तीन पोळ्या पुरतात. सासूबाई दोन डबे भरायला लागल्या होत्या, आणि दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी, जी माझा नवरा तोंडातही घालत नाही. मी डबा धरून विचारलं, हा कुणाचा? सासूबाई आधी चिडल्या, मग रडल्या. जावई केव्हाच आला होता. माझ्या नवऱ्याने त्याला स्टेशनावरूनच स्कूटरवर बसवून लखनौजवळच्या मलिहाबादला नेलं होतं. ऑफिसातल्या एकाची तिथे दसहरी आंब्यांची बाग होती. आंबे संपल्यावर राखणदाराची खोली रिकामी पडायची, तिथे त्याला ठेवलं होतं.

"आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे," सासूबाई म्हणाल्या. "ह्या दिवसांत घर सोडून कुठे जायचं गं आपण?"

"मग तिला सांगा तसं!"

"आणि खरंच त्याला काही असलं तर?"

आंटींच्या नावाने इतके दिवस बोटं मोडणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य आलं होतं. मी नवऱ्याशी भांडले, सासूबाईंशी भांडले. त्यांनी मला शपथ घातली, की तिला ह्या अवस्थेत सांगून तिचा जीव घाबरा करायचा नाही. मी ती शपथ पाळली, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत राहिला.

दसऱ्याच्या आधी नणंदेला कळा सुरू झाल्या. सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेलो. सासर विचारलं तर धुळे सांग, असं सासूबाईंनी तिला रिक्षात पढवलं होतं. तिथल्या नर्सने एवढंच विचारलं, "पहला है?" आणि आत नेलं. आत जाताना नणंद माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, ते आले का बघा ना." सकाळी मुलगी झाली.

मी कुणालाही न विचारता मलिहाबादची बस पकडली. बाग शोधायला वेळ लागला. तो खोलीबाहेर बाजेवर बसला होता, तोंडाला गमछा गुंडाळून. धुतलेले डबे लांब एका विटेवर उपडे घातले होते. मला बघून तो उठला आणि ओरडला, "वहिनी, तिथेच थांबा! पुढे येऊ नका."

"मुलगी झाली," मी तिथूनच सांगितलं.

तो हसला, दोन पावलं धावला, आणि मधेच थांबला. मग मला आपला हिशेब सांगायला लागला. रोज थर्मामीटर लावतो, ताप नाही, कॅप्सुली पूर्ण झाल्या, पण घसा खवखवतोय. मी म्हटलं, एवढी धूळ उडतेय, खवखवेल नाही तर काय? त्याला ते पटेना. शेवटी मी त्याला अक्षरशः दंडाला धरून बसमध्ये घातलं. सगळ्या वाटेत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

वॉर्डात तो नणंदेच्या खाटेपासून लांब, खांबाला टेकून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी आलात?"

त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "घटस्थापनेलाच. मलिहाबादला होतो."

तिने आईकडे पाहिलं. सासूबाई बाळाचं टोपरं नीट करत म्हणाल्या, "अगं, तुझ्याच भल्यासाठी ना."

"आंटींचं मला काही वाटलं नाही आई," ती म्हणाली. "त्यांची मी कोण?"

सासूबाईंचा हात टोपऱ्यावरच राहिला. नणंदेने बाळ उचललं आणि नवऱ्याच्या दिशेने धरलं. "घ्या ना."

त्याने दोन्ही हात मागे नेले. "नको. अजून चार दिवस जाऊ देत. काही असलं तर?"

इतके दिवस मी अख्ख्या गल्लीशी भांडले होते. पण धडधाकट असून स्वतःलाच रोगी मानून बसलेल्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला येत नव्हतं. त्याचा मला इतका राग आला, की त्या रागात मला रडू यायला लागलं. नणंदेने बाळ परत मांडीवर घेतलं, त्याचं तोंड खांबाकडे केलं, आणि नवऱ्याला तिथून नीट दिसावं म्हणून दुपटं बाजूला सारलं.