हुंकाऱ्याची जागा

आमच्या रिठद गावात गोष्ट सांगायची तर समोर कोणीतरी हुंकारा द्यायला लागतं. सांगणारा थांबतो, समोरचा ‘हं, मंग?’ म्हणतो, तेव्हा कुठे गोष्ट पुढं सरकते. माझा हुंकारा म्हणजे माझी माय. बाप लहानपणीच गेला, घरात आम्ही दोघंच. तलाठ्यापासून बोकडापर्यंत सगळ्यांच्या नकला मी चुलीपाशी करायचो आणि ती बाजाराची वांगी निवडता निवडता हं म्हणायची.

त्या नकलांच्या जोरावर मला नागपूरच्या रेडिओनं विनोदी गोष्ट सांगायला बोलावलं. सत्तरचं दशक होतं, गावात रेडिओ फक्त ग्रामपंचायतीत. वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण तिथं बंद खोलीत एक माईक, काचेपलीकडे घड्याळाकडे बघणारे साहेब, बाकी माणूस नावाला नाही. आता इथं हसणार कोण, माझं कपाळ? सवयीनं मी दर वाक्याला थांबत गेलो. दहा मिनिटं संपली तेव्हा गोष्टीतला तलाठी अजून बैलगाडीतच होता.

दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून साहेबांनी ते तसंच लावलं. वर बजावलं, ‘पुन्हा एवढ्या रिकाम्या जागा सोडल्या, तर हे शेवटचं समजा.’

गावी गेलो तर शेजारच्या काकूनं वाटेतच गाठलं. ‘तुह्या मायनं तं कमालच केली बावा. रेडिओसमोर मांडी घालून बसली. तू जवा जवा थांबला, तवा तवा म्हने, हं, मंग? सारे तुले सोडून तिलेच हासत होते.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन तणतणलो, ‘कायले असं करतं व माय? रेडिओले काय आयकू येते?’

‘तू थांबून राह्यला होता ना,’ ती म्हणाली. ‘मंग मी कशी चूप बसू?’

मी हट्टाला पेटलो. नागपुरात खोली घेतली आणि भिंतीसमोर बसून वाक्याला वाक्य जोडायला शिकलो. श्वाससुद्धा चोरून घ्यायचो. कार्यक्रम गाजला, महिन्याच्या महिन्याला बोलावणं येऊ लागलं. लोकांना हसवायचा धंदा, पण मी कोणाला हसताना पाहिलंच नाही. खोलीवर परतल्यावर बोलायलाही कोणी नसायचं. फार एकटं वाटायचं.

शेवटी न राहवून घरी गेलो. माय चुलीपाशी होती. म्हटलं, तुझ्यासाठी नवी गोष्ट आणली. पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबलो. ती नुसती बघत राहिली. दुसरं म्हटलं. तरी गप्प.

‘हुंकारा दे ना व माय.’

‘आता कुठी लागते तुले?’ ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. ‘रेडिओवर तं थांबतच नायी तू. मधात बोलली अन् तुही गोष्ट बिघडली तं? म्हनून म्या सवय मोडली.’