चूक व्हेरिफाय झाली आहे!

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. लोकांच्या क्रेडिट रिपोर्टातल्या चुका आणि त्या चुकांचे किस्से! चुका निदान कागदावर राहतात. किस्से कुठेही आठवतात. परवा दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं ठेवून बसले होते आणि एकदम हसू फुटलं. डॉक्टर म्हणाला, "मॅडम, दुखून राहिलं का?"

ऑफिस म्हणजे धरमपेठेत शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. त्यात मी, बँकेतून रिटायर झालेले देशकर सर आणि फोन सांभाळणारी सुषमा. बँकेनं रिपोर्ट पाहून कर्ज नाकारलं की माणूस तो घेऊन आमचा जिना चढतो. आम्ही तक्रार टाकतो. मग रिपोर्ट बनवणारी कंपनी बँकेला विचारते, "ही माहिती बरोबर आहे का?" म्हणजे ज्यानं चूक केली त्यालाच! बँक म्हणते, "बरोबर आहे." झाली चूक व्हेरिफाय! त्यातूनही एखादी दुरुस्त झालीच, तर पुढच्या महिन्यात बँक जुनीच माहिती परत पाठवते. माहेरपणाला गेल्यासारखी चूक जाते आणि मुक्काम आटोपून घरी हजर!

*

कमलताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नातीच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहायला निघाल्या, तर रिपोर्टात नावापुढे 'मृत'.

बँकेत गेल्या. साहेब म्हणाले, "मृत खातेदाराला अर्ज करता येत नाही. वारसाला पाठवा."

मुलगा गेला. साहेब म्हणाले, "मृत्यूचा दाखला आणा."

"साहेब, आई खाली स्कूटीवर बसली आहे!"

"मग दाखला कसा भेटेल?" साहेबांना खरंच वाईट वाटलं.

आम्ही तीन तक्रारी टाकल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, माहिती तपासली, बरोबर आढळली. तिकडे नातीच्या ॲडमिशनची तारीख जवळ आली. शेवटी ताई स्वतः गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर पासबुक आपटलं. "दर तीन महिन्यांनी एसएमएसचे पैसे कापता ना? मग मेलेल्या बाईले मेसेज काहून पाठवून राहिले?"

त्याच आठवड्यात ताई जिवंत झाल्या. खात्री म्हणून बँकेनं मेसेज पाठवला. त्याचेही पैसे कापले!

*

आजकाल कुंडलीनंतर रिपोर्ट मागतात. आमच्याकडे आलेला अक्षय इंजिनियर, मुलगी पसंत, सगळं जमलेलं. होणाऱ्या सासऱ्यांनी चष्मा लावून रिपोर्ट उघडला. स्कोर एकदम फर्स्ट क्लास! पण ते पहिल्या पानावरच अडकले. लिंग: स्त्री.

अक्षय घामाघूम होऊन आमच्याकडे आला. तक्रार टाकली. महिन्यानं उत्तर आलं. माहिती तपासली, बरोबर आढळली!

पोरगा रडायच्या बेतात. हा कागद आता सासऱ्यांना कसा दाखवायचा? शेवटी दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "टेन्शन नको घेऊ गा. हप्ते वेळेवर भरले ना? बस!"

लग्न थाटात झालं. दुरुस्ती अजून व्हायची आहे.

*

हा छोटा आहे. रामदासपेठेतल्या एका काकूंच्या नावावर क्रेडिट कार्डाची थकबाकी. कार्ड त्यांना कधी आलंच नव्हतं. सुषमानं काकूंना शेजारी बसवून बँकेला स्पीकरवर फोन लावला.

"कार्ड बंद करायचं आहे."

"कार्डाचा नंबर सांगा."

"कार्ड आलंच नाही. पत्ता चुकीचा आहे तुमच्याकडे."

"ओके मॅडम, पत्ता बदलून देतो. कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगा."

सुषमानं फोन ठेवला आणि काकूंना म्हणाली, "काकू, तुमचं कार्ड इतकं सेफ आहे, की कोणालेच भेटून नाही राहिलं!"

*

देशकर सरांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. चूक दिसली की पहिला प्रश्न, "कोण गाढव बसला होता तिथं?" बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे अधिकारानं विचारणार!

एकदा सहज त्यांनी स्वतःचा रिपोर्ट काढला. फेडून मोकळं झालेलं स्कूटरचं कर्ज अजून चालूच दाखवत होतं! सर पेटले. स्वतःच्या जुन्या ब्रँचमध्ये गेले, रेकॉर्ड उघडायला लावलं. खातं बंद करताना शेवटचा शेरा मारायचाच राहिला होता. खाली त्या वेळच्या मॅनेजरची सही.

सर दोन दिवस ऑफिसात फायलीत डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी सुषमानं चहा देता देता विचारलंच, "सर, कोण बसलं होतं तिथं?"

"कामाचा लोड लय असतो गं मॅनेजरले," सर म्हणाले.

*

आणि आता मेश्राम गुरुजी. प्रकाश मेश्राम, शाळेत गणित शिकवतात. गाडी म्हणजे सायकल, कर्ज म्हणजे तेवढं घराचं. रिपोर्टात मात्र त्यांच्या नावावर थकलेलं ट्रकचं कर्ज! मुलीचा इंजिनियरिंगला नंबर लागलेला आणि बँक कर्ज देईना. आमची तक्रार मान्य झाली, ट्रक गेला. पुढच्या महिन्यात परत आला. असं चारदा झालं. मुलीचं कर्ज शेवटी झालं, हे आधीच सांगून टाकते. पण त्याआधी काय झालं ते ऐका.

गुरुजी म्हणाले, "मॅडम, रिपोर्टात ट्रकवाल्याचा पत्ता आहे न? चला."

शहराबाहेर वाडीला गोदामांच्या रांगेत ट्रकवाला भेटला. नाव प्रकाश मेश्रामच! केस काळेभोर रंगवलेले, हसरा माणूस. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "तरीच गुरुजी! माझ्या रिपोर्टात घराचं कर्ज दिसते, हप्ते एकदम टायमावर. मी म्हणलं, बायकोनं गुपचूप घर घेतलं की काय! त्याच्यावर मले दुसरा ट्रक भेटला न!" मग हळूच म्हणाला, "अजून थोडे दिवस राहू द्या ना."

"माझ्या पोरीचं वर्ष जाईल गा!" गुरुजींचा आवाज फाटला.

ट्रकवाल्याचं हसू गेलं. त्यानं लगेच शर्ट बदलला आणि आमच्यासोबत ट्रकच्या फायनान्स कंपनीत आला.

तिथल्या साहेबांनी दोघांना समोरासमोर पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. "एकानं नाव बदलून घेतलं, तर सिस्टीमला सोपं जाईल."

"गुरुजी वयानं मोठे," ट्रकवाला म्हणाला. "त्यांचं राहू द्या, मी बदलतो."

साहेबांनी दोन्ही आधार कार्डं उचलली. "मोठे कसे? तुमची तर जन्मतारीखही एकच आहे. एक जुलै, वर्षसुद्धा तेच!"

"ती खरी नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकली होती."

"माझी बी गुरुजींनीच टाकली!" ट्रकवाला म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला आणि मेश्राम गुरुजींकडे बोट दाखवलं.

"ह्यांनी?"